लाल दोरीच्या गाठी

“गुंडे, ही गाठ आहे का गुंता?” शिट्टीमावशीनं दोरीचा तुकडा डोळ्यांसमोर धरला. “अगं, चांगली गाठ भार पडला की धरते आणि सोडायची म्हटली की सुटते. तुझी सोडवायची म्हणजे माझे दातच पडायचे!”

मुली फिदीफिदी हसल्या. गुंडीही हसली. पथकातली ती सगळ्यात धाकटी. गाठ तिला कधी जमलीच नव्हती आणि त्याचं तिला काडीचंही दुःख नव्हतं.

“आज गाठीला मार्क नाहीत,” कप्तान तिला म्हणाली. “कशीही मार, पण मार.”

कप्तान म्हणजे पथकातली थोरली. आज सेवेच्या मानाचा दिवस होता आणि सकाळपासून तिचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. मुलींच्या पथकासाठी बिनपगारी राबणाऱ्या बायकांपैकी एकीला अधूनमधून हा मान मिळे. तो देत मुलीच, पथकाच्या रीतीनं. सामानाच्या खोलीत मानासाठी नाव आलेल्या प्रत्येकीची एक रंगीत दोरी टांगलेली असायची. मुलीनं एकटीनं आत जायचं आणि मनातल्या बाईच्या दोरीला एक गाठ मारून यायचं. जिच्या गाठी जास्त तिला मानाचा पट्टा, भिंतीवर फोटो आणि पहिल्या रांगेत कायमची खुर्ची. मग तिनं गळ्यातली शिट्टी दुसरीच्या हाती द्यायची आणि पोरींच्या धावपळीतून मोकळं व्हायचं.

यंदा दोन दोऱ्या होत्या. निळी डॉक्टरीणबाईंची. शिबिरात कुणाचं पोट दुखो की पाय मुरगळो, त्या हजर. आणि लाल शिट्टीमावशीची. ही बाई आंघोळीलाही शिट्टी काढत नसेल, असं मुली पैजेवर सांगत. कप्तानला चूल पेटवायला, नकाशा वाचायला आणि चारचौघांत खरं बोलायला मावशीनंच शिकवलं होतं. “खोटं करून मिळवलेला बिल्ला छातीला टोचतो गं,” ती नेहमी म्हणायची.

निकालाची कप्तानला चिंता नव्हतीच. तिनं एकेकीला गाठून आपल्या बाजूला वळवलं होतं. डॉक्टरीणबाईंच्या गल्लीतल्या चौघी सोडल्या, तर झाडून सगळ्या लाल दोरीच्या.

“मावशी, यंदा तुमचाच फोटो!” गाठी मारून झाल्यावर तिला राहवलं नाही.

“माझा? भिंत पडेल.” मावशीनं तिच्या डोक्यात टपली मारली. “निकालाचं मी बघते. तू खुर्च्या लाव.”

दुपारी मेजावर घालायची चादर आणायला कप्तान सामानाच्या खोलीकडे गेली. दार अर्धवट उघडं होतं. आत मावशी पाठमोरी उभी होती आणि तिची कोपरं भराभरा हलत होती. हातात लाल दोरी होती.

चाहूल लागताच मावशीनं दोरी पाठीमागे नेली.

“काय करताय, मावशी?”

“वाकडी टांगली होती. नीट लावतेय.”

मावशीची बोटं लालबुंद झाली होती. एक नख तुटलं होतं.

“गाठी मारून झाल्यावर दोऱ्यांना कुणी हात लावायचा नसतो. तुम्हीच सांगितलंय.”

“हो, मीच सांगितलंय.” मावशी शांतपणे म्हणाली. “जा, चादर घाल. लोक यायला लागतील.”

कप्तानला रडूच आलं. मावशी जिंकणारच होती ना? मग वर आणखी गाठी कशाला? आमच्यावर एवढाही भरवसा नाही? चादर अंथरताना तिचं डोकं भणभणत होतं, पण शेवटी तिनं ठरवलं. उठायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं. मावशीनं शिकवलेलं मावशीलाच ऐकवायचं. मनाला लागणार होतं, पण ती मागे हटणार नव्हती.

संध्याकाळी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत जुन्या मानकरी बायका हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं कप्तानला जवळ बोलावलं.

“काय गं, यंदा शिबिर कुठे? आम्हाला आता कोण सांगतंय!”

कप्तानचं प्रश्नाकडे लक्ष नव्हतं. व्यासपीठावर अध्यक्षबाईंनी निळी दोरी उंच धरली होती. चार गाठी. डॉक्टरीणबाई खाली बघून हसल्या.

कप्तान उभी राहिली.

“अध्यक्षबाई, लाल दोरी दाखवण्याआधी मला काही सांगायचंय...”

पण दोरी पिशवीतून बाहेर आलीच होती. लांबलचक, सरळ, जवळजवळ गुळगुळीत. अध्यक्षबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली.

“एक,” त्या म्हणाल्या. “एकच गाठ आहे.”

मुली एकमेकींची तोंडं बघू लागल्या. प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं गाठ मारली होती.

“तुला काय सांगायचं होतं?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

कप्ताननं मावशीकडे पाहिलं. मावशीनं गळ्यातली शिट्टी त्या लालबुंद बोटांत घट्ट धरली होती.

“काही नाही,” कप्तान म्हणाली आणि खाली बसली.

टाळ्यांच्या कडकडाटात डॉक्टरीणबाईंनी आपली शिट्टी काढून दिली आणि त्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. तेवढ्यात गुंडी खुर्च्यांमधून वाट काढत मावशीपाशी धावत आली.

“मावशी, ती एक गाठ माझी! माझीच आहे ती!”

“माहीत आहे गं बाई,” मावशी तिच्या कानाशी पुटपुटली. “दात लावून पाहिले, तरी सुटली नाही.”