सोमवारच्या आत

“नऊ महिन्यांची शिक्षा फार होते, हे मी हायकोर्टाला पटवीन,” गिरगावातले सबनीस वकील म्हणाले. “पण सोमवारच्या आतच नवरा सुटायला हवा, हा काय हट्ट?”

राधाबाईने खरं काय ते सांगून टाकलं. दत्तारामला गांजाच्या पुड्यांपायी धरलं, ते नेमकं मोर्च्याच्या दिवशी. लालबागच्या त्यांच्या चाळीतले पाच जण त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी आत गेले. सहावा दत्ताराम, असं चाळीनेच ठरवून टाकलं आणि राधाबाईने नाही म्हटलं नाही. आता सोमवारी सत्याग्रही सुटणार होते. दत्ताराम एकटा आत राहिला की बिंग फुटणार.

वकील मिशीत हसले. “जज चिडले तर शिक्षा वाढेलही, बाई. पण तुमच्याच भागातला असाच एक मी नुकता सोडवलाय. बघू.”

राधाबाईला खरा धसका होता तो त्या पाचांतल्या दौलतचा. बाकीच्या चौघांना नाशिकला नेलं होतं. दौलत मात्र दत्तारामच्याच तुरुंगात होता आणि पंधरा दिवसांपूर्वी सुटूनही आला होता. चाळीने त्याला खांद्यावर घेतलं, त्याने गच्चीवर भाषण ठोकलं. दत्तारामचं विचारलं तर म्हणाला, “वाघासारखा आहे आत.” राधाबाईने तेव्हा कुठे श्वास सोडला.

शनिवारी अपील लागलं. पहिलाच गुन्हा, घरात म्हातारी आई. भोगली तेवढी शिक्षा पुरे, असं कोर्टाने म्हटलं.

सोमवारी नाशिकचे चौघे आले आणि त्यांच्याबरोबर दत्तारामच्याही गळ्यात हार पडले. पाचही जणांना बायकांनी ओवाळलं. दौलतने तर दत्तारामला कडकडून मिठी मारली. राधाबाईचे डोळे भरून आले. इतकं सुख तिला लग्नातही झालं नव्हतं.

संध्याकाळी खोलीत दोघंच असताना ती म्हणाली, “दौलतभावजी देवमाणूस हो. सगळं ठाऊक असून चकार शब्द काढला नाही. रविवारी जेवायला बोलवूया.”

“बोलव की,” दत्ताराम हार खुंटीला अडकवत म्हणाला. “पण तो काय बोलणार गो? माझ्याच बराकीत होता, गांजावाल्यांच्या. त्याचं अपील आधी लागलं, इतकंच.”