तीन जनावरांपुरता चुना

"तीन जनावरं दगावली," डॉन रुतिलियो भट्टीपाशी येऊन म्हणाला. "रोग पसरायला नको. म्हटलं, डिझेल ओतून जाळून टाकावीत."

निकानोरा चुन्याचे खडे निवडत होती. तिने मान वर केली नाही. उजव्या भुवईवर भाजल्याचा डाग असलेला तिचा मुलगा माकारिओ परवापासून घरी आला नव्हता. शेजारच्या चेपाचा पोरगा चुय नाही, शाळेतला मास्तरही नाही. डोंगरातलं पाणी रुतिलियोने आपल्या कुरणाकडे वळवलं, म्हणून तिघं तक्रार घेऊन राजधानीला निघाले होते. बस थांब्यावर पोचलेच नाहीत.

"जाळू नका, मालक. धूर चार गावांना दिसतो. कळीचा चुना टाका."

"चुन्याने भागतं?"

"चुना सगळं खातो. हे बघा."

तिने हात पुढे केले. तळव्यांना भेगा पडल्या होत्या, बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. रुतिलियोने चुना पाहिला होता तो घराच्या भिंतींवर आणि तोर्तियाच्या भाकरीसाठी मका उकडताना. त्याला पटलं.

"खाली जाड थर, वर जाड थर," निकानोरा म्हणाली. "तोंडांवर चुना जरा सढळ हाताने टाका. मग पाणी शिंपडा आणि लांब पळा. उकळी फुटते. डोळ्यात उडाला तर डोळा गेलाच."

"तू भलतीच शहाणी गं!" काळजी मिटल्यावर त्याला भूक लागली. "काही आहे का खायला?"

ओट्यावरच्या बरणीत, चुन्याच्या निवळीत अंडी बुडवलेली होती. तिने दोन तळून दिली.

"आजचीच दिसतायत," तो बोटं चाटत म्हणाला.

"ईस्टरच्या आधीची आहेत, मालक."

ईस्टर होऊन सहा महिने उलटले होते, मृतांचा दिवस तोंडावर आला होता. रुतिलियो खो खो हसला. "म्हातारे, थाप मार, पण बेतानं!"

त्याच्या माणसांची वाट न बघता तिने स्वतःच्या गाढवांवर पोती लादली. त्याने मागितली त्याच्या दुप्पट. कुरणातल्या खड्ड्यापर्यंत ती स्वतः गेली. खड्ड्यावर ताडपत्री होती. तिने ती उचलली नाही.

परतताना चेपा वाटेत आडवी आली. तिने पोती जाताना पाहिली होती.

"पोटच्या पोराला चुन्यात घालतेस, सटवे? निदान हाडं तरी मिळाली असती मला!"

निकानोराने गाढवं पुढे हाकली. चेपाला खरं सांगितलं असतं तर चेपाने गाव गोळा केलं असतं, आणि रुतिलियोकडे डिझेल होतंच.

त्यानंतर गावातल्या बाया मक्यासाठी चुना दुसऱ्या गावाहून आणू लागल्या. तिच्या दारावरून जाताना थुंकू लागल्या. मृतांच्या दिवशी चेपाने झेंडूच्या फुलांत चुयचा फोटो मांडला. निकानोराने माकारिओचा मांडला नाही. कुठल्या तोंडाने मांडणार, असं लोक म्हणाले.

गावचा फौजदार रुतिलियोच्या ताटाखालचं मांजर. निकानोरा थांबली. पुढल्या वर्षी निवडणुकीत पारडं फिरलं आणि राजधानीहून सरकारी वकीलबाई आल्या. त्यांना घेऊन ती थेट खड्ड्यावर गेली. मागून सगळं गाव आलं.

रुतिलियो कमरेवर हात ठेवून उभा होता. "खणा की! तीन गुरं पुरली होती, ती तरी कुठली उरायला! हिलाच विचारा. चुना सगळं खातो, हे हिनंच सांगितलं मला."

वकीलबाईंनी निकानोराकडे पाहिलं. "हो, मीच सांगितलं," ती म्हणाली.

माती संपली आणि पहारीखाली पांढरा थर दगडासारखा वाजला. मग फुटला. चेपा काठावरून वाकली. तिने "चुय!" अशी हाक मारली, पोराला जेवायला बोलवावं तशी.

निकानोरा खड्ड्यात उतरली. गुडघे टेकून तिने शालीच्या टोकाने हलक्या हाताने एका चेहऱ्यावरचा चुना पुसला. उजव्या भुवईवरचा भाजल्याचा डाग जसाच्या तसा होता.