देवानं घेतला

"बकऱ्यावर पाणी टाकू नका, भाऊजी. पट्ट्याला थरथर म्हणजे तापच वाटतो," हौसाबाई म्हणाली.

"आली मोठी डाक्टरीण! नवसाच्या बकऱ्यानं अंग झाडल्याशिवाय म्हसोबाचा कौल कळतो होय?" तिचा दीर बळवंता खेकसला.

बुळकांडीच्या साथीनंतर प्रत्येक शेळी-बकऱ्याच्या गळ्यात ताप ओळखणारा पट्टा आला होता. एकीचा पट्टा लाल झाला, की गोठ्यातल्या साऱ्या पट्ट्यांच्या सुया टोचत आणि शेळ्या तिथंच मरून पडत. रोग पुढं जायला नको, म्हणून. आणि दीर-भावजयीची जनावरं एकाच गोठ्यात होती.

हौसाबाई बकऱ्याला बाहेर ओढू लागली. बळवंताने तिला ढकललं आणि तांब्या बकऱ्याच्या पाठीवर उपडा केला. बकऱ्याने कान फडफडवले आणि सर्वांग झाडलं.

"घेतला! देवानं घेतला!" बळवंता ओरडला.

पट्टा लाल झाला. मग शेजारचा, मग त्याच्या पलीकडचा. हौसाबाईची गाभण चंद्री पुढच्या गुडघ्यांवर बसली, ती उठलीच नाही. बळवंताच्या शेळ्याही एकामागून एक कलंडल्या.

हौसाबाईने रिकामा तांब्या उचलला आणि दिराच्या पायाशी आपटला.

"तुम्ही एकच बकरा बोलला होतात ना, भाऊजी? देवानं सगळीच घेतली."