पहिले थेंब

अमेरिकेतल्या ज्या ब्रुअरीत मी बिअर चाखायचं काम केलं, ती बंद पडली. नाव तेवढं ब्रिटिश कंपनीनं विकत घेतलं आणि जाहिरातीचं काम माझ्या लेकीला मिळालं. शाल्मली आज इंग्लंडात, माझ्या कॉव्हेंट्रीच्या घरी पहिला कॅन घेऊन आली. “बाबा, कॅनच्या मागची हिस्टरी वाचा ना.” मी चष्मा लावला. ‘आमचे जर्मन संस्थापक नव्या बिअरचे पहिले थेंब बोटानं जमिनीवर शिंपडत. ज्या विहिरीचं पाणी, तिलाच पहिला घोट.’ तिथं असं करणारा मी एकटा होतो. विहिरीचं ते वाक्यही मी तिला मांडीवर बसवून सांगितलं होतं. “हे माझं आहे.” “हो, पण क्लायंटला फाउंडर हवा होता. तुम्ही स्टोरीत बसत नव्हता.” तिनं फोन वर धरला. “आता थेंब शिंपडा ना, व्हिडिओ घेते.” मी कॅन उघडला आणि थेट तोंडाला लावला.