पाठवणी

केंदूरच्या कुशाबाईंनी आधी लेक दौंडला दिली आणि आता त्याच लेकीला स्वतःची एक किडनी. ऑपरेशनचा दुसरा दिवस उजाडला, तरी धनश्रीच्या लघवीच्या पिशवीत थेंब नव्हता. घरी दोन वर्षांची समृद्धी आईसाठी रडत होती. धनश्रीची नजर पिशवीवरून हलेना.

"आई, चालंना गं तुझी किडनी. डॉक्टर म्हणतात, परत डायलिसिस."

"नवी नवरी हाय, बुजणारच." कुशाबाई स्वतःचे टाके सांभाळत व्हीलचेअरमधून वाकल्या आणि लेकीच्या पोटाला दटावत म्हणाल्या, "गुमान नांद गं बाई! माघारी यायची सोय न्हाई आता. माहेरचं दार शिवून टाकलंय डॉक्टरानं."

धनश्रीला हसू आवरेना. तेवढ्यात नळीतून पिवळा थेंब सरकला.

"बघ, रुळली!"