तोट्यातला कारखाना

माझा धाकटा, अश्विन, आठ दिवस थोरल्याचा फोन उचलत नाहीये. थोरला बाळू अमेरिकेत पंपांच्या कारखान्यात वीस वर्षं राबला. कारखाना तोट्यात आहे म्हणून कंपनीनं बंद केला. अश्विन त्याच कंपनीच्या इथल्या, सिंगापूरच्या ऑफिसात कराचं काम बघतो.

“पंप तर खपत होते ना रे?”

“आई, तिथला नफा आम्ही इथं दाखवतो. इथं कर कमी लागतो.”

“इथं एक स्क्रू तरी बनतो का?”

“नाही गं. सगळं कागदावर.”

“आणि ते कागद कोणी केले?”

“मीच.”

“तो काही मागायला फोन करत नाहीये, मेल्या. कंपनी बुडाली, धाकटाही घरी बसला असेल, असं वाटून तुझा घोर लागलाय त्याला. उचल फोन. सांग, तुला बढती मिळालीय.”