मुळासकट

"इथूनच फोटो काढ आणि चल परत," धाकटा भाऊ म्हणाला. "पुरावा म्हणून तेवढा बास झाला."

"पाठमोरा माणूस आणि एक बोट. याला कोण पुरावा म्हणेल?" ताईने डोळ्यांवरची दुर्बीण काढली नाही. "होडी जवळ घे."

खाडीच्या तोंडाशी मोठी पांढरी मोटरबोट उभी होती. तिच्या मालकाला सगळे भोंगा म्हणत, कारण धक्क्यावरून निघताना तो उगाचच भोंगा वाजवायचा. त्याच्या बोटीखाली समुद्री गवताचं कुरण होतं. मासे तिथे अंडी घालत. कुणी तिथे नांगर टाकू नये म्हणून ताईच्या गटाने कुरणाबाहेर नारिंगी, तरंगते बोये बसवले होते. हौसेने फिरायला येणाऱ्यांनी होडी बोयाला बांधायची, एवढंच मागणं. तरीही दर आठवड्याला गवताचे झुबके किनाऱ्याला लागत होते. ताई दातांची डॉक्टर. इंजिनाच्या पंख्याने कापलेलं गवत कोणतं आणि ओढून उपटलेलं कोणतं, हे ती मुळं बघून ओळखायची. या झुबक्यांची मुळं अख्खी होती.

भोंग्यावर सगळ्यांचाच डोळा होता. नवीन आलेला माणूस, कुणात मिसळत नाही, सभेला बोलावलं तर "बघू" म्हणून फोन ठेवतो. आणि आता, रविवारी सकाळी, इंजिन बंद करून, बोटीच्या कडेवरून ओणवा होऊन पाण्यात काहीतरी करत होता.

"इतका वेळ एका जागी," ताई पुटपुटली. "नांगर टाकल्याशिवाय राहील का बोट?"

"तोच आहे गं. मी कधीचा सांगतोय." धाकट्याने वेग मात्र वाढवला नाही.

मोटरबोटीच्या पुढच्या टोकावरून एक दोर पाण्यात गेला होता. ताईने हात लांब करून तो पकडला आणि ओढायला लागली.

"अहो, हे काय करताय?" भोंगा बादली घेऊन ताठ उभा राहिला.

"तुमचा नांगर वर काढतेय. चारचौघांत दाखवायचाय."

दोर जड लागत होता, पण खाली जात नव्हता. तो आडवाच ताणला गेला आणि लांब, कुरणाच्या बाहेर, एक नारिंगी बोया डुलला. ताईने आणखी एक हिसका दिला. बोया पुन्हा डुलला.

"मुद्दाम लांब दोर आणलाय," भोंगा म्हणाला. "बोयाला बांधून इथवर येता यावं म्हणून."

"कशासाठी?" तिच्या आवाजातला संशय अजून गेला नव्हता.

त्याने बादली पुढे केली. तिचा तळ कापून तिथे काच बसवली होती. ताईने ती पाण्यावर टेकवली आणि आत पाहिलं. हिरव्यागार गवतातून वाळूचा एक उघडा पट्टा गेला होता, कुणी रागाने ओरबाडावा तसा. शेजारी दुसरा. त्याच्या कडेला पांढरी मुळं पाण्यात हलत होती.

"हा दुसरा कालचा. माझ्या डोळ्यांदेखत पडला."

"मग सांगितलं का नाहीत? आमचा गट काय झोपा काढतो?"

भोंग्याने त्यांच्या निळ्या होडीवरच्या हिरव्या झेंड्याकडे पाहिलं. गटातल्या प्रत्येक होडीवर तो असायचा. "ज्या होडीने नांगर टाकला तिच्यावरही हाच होता. म्हटलं, आता तक्रार करायची कुणाकडे? तुम्ही सगळे आतून एकच असाल. आत्ता तुम्ही येताना दिसलात, तेव्हाही वाटलं, मला हुसकावायलाच येताय."

"निळी होडी होती?" ताईने विचारलं. हा प्रश्न आपल्या तोंडून कसा निघाला, ते तिचं तिलाच कळलं नाही.

भोंग्याने एकदा धाकट्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

ताई होडीच्या पुढच्या टोकाला गेली. तिथली फळी तिने उचलली. बोये बसवल्यापासून खालचा नांगर बाहेर काढायचं कारणच नव्हतं. साखळी ओली होती. कड्यांमध्ये गवत अडकलं होतं, अजून हिरवं.

धाकटा हसायला गेला, पण ते जमलं नाही. "अगं, मित्र आले होते. बोयापाशी गळाला काही लागत नाही. त्यांच्यासमोर काय सांगू, ताई रागावेल म्हणून?"

"प्रत्येक वेळी?"

"शनिवारी तू दवाखान्यात असतेस."

ताईने फळी जागेवर बसवली. हात पुसायला तिला काही सापडेना. शेवटी तिने ते साडीलाच पुसले.

"आणि सभेत यांचं नाव पहिल्यांदा कुणी घेतलं?"

धाकट्याने इंजिन सुरू केलं.

परत येताना ती त्याच्याकडे पाठ करून बसली. धक्क्यावर गटातली माणसं जमली होती. त्यांनी हातानेच 'काय झालं' म्हणून विचारलं, आणि होडी जवळ येताच एकाने ओरडून विचारलं, "सापडला का? भोंगाच ना?"

धाकटा सुकाणूपाशी तसाच बसून राहिला. ताईने दोर धक्क्यावर फेकला. कुणीतरी तो झेलला.

"सापडला," ती म्हणाली आणि धाकट्याला आधी उतरता यावं म्हणून तिने पाय जवळ ओढून घेतले.